म्युझस्कोरवर मराठी नाताळगीत लिहिताना

बाबांची वही निळ्या पुठ्ठ्याची आहे. पहिली काही पानं लॅटिन स्तोत्रांची, कारण बाबा लहान होते तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनमध्येच व्हायची. कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ चालली, त्यानंतर उपासना लोकांच्या भाषेत आली आणि वहीतही तिथून पुढे मराठी सुरू होतं. प्रत्येक गाण्यावर देवनागरीत सा रे ग म, पेटीवर बोट ठेवता यावं एवढ्यापुरतं, आणि खाली शब्द. एकूण ६३ गाणी. पण वहीत आहे ती फक्त चाल, म्हणजे सर्वांत वरचा सोप्रानोचा आवाज. त्याखालचे आल्टो, टेनर आणि बास हे तिन्ही आवाज बाबांच्या डोक्यात होते. तालमीला ते एकेकाजवळ जाऊन, कानाशी गुणगुणून, ज्याचा त्याचा आवाज बसवून घ्यायचे. बाबा गेले आणि त्यांच्याबरोबर ते तीन आवाजही गेले. पुढचे दोन नाताळ वसईतल्या आमच्या १९ जणांच्या क्वायरने, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाने, सगळी गाणी एकाच आवाजात गायली. गाणी तीच होती, पण देवळात उभं राहून ऐकताना काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटायचं.

त्यामुळे यंदा नाताळसाठी नवं गाणं बांधायचं ठरलं तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट पक्की केली. चारही आवाज कागदावर उतरल्याशिवाय तालीम सुरू करायची नाही. त्यासाठी म्युझस्कोर हे कॉम्प्युटरवर स्वरलिपी लिहिण्याचं सॉफ्टवेअर वापरलं. आता वर्ष होत आलं आहे आणि जवळपास रोज रात्री मी ते उघडते. आपल्याकडे शाळेत, चर्चमध्ये, बँडमध्ये गाणी बसवणाऱ्या पुष्कळ लोकांना याचा उपयोग होईल असं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी पैशांचं, कारण सगळे तेच विचारतात. म्युझस्कोर पूर्ण फुकट आहे. ठरावीक दिवसांनी बंद पडणारी चाचणी आवृत्ती नाही, छापलेल्या पानावर कंपनीचं नाव येत नाही, किती ओळी लिहायच्या यावर बंधन नाही. व्हेर्नर श्वेयर या संगीतकार-प्रोग्रामरने २००२ साली म्युझ नावाच्या दुसऱ्या एका संगीत-सॉफ्टवेअरमधला स्वरलेखनाचा भाग वेगळा काढून हे सुरू केलं. पहिली पक्की आवृत्ती २०११ साली आली. ते मुक्त परवान्याखाली आहे, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो. डिसेंबर २०२२ मध्ये चौथी आवृत्ती आली, तिचा चेहरामोहरा बराच बदलला, आणि आता त्याचं नाव म्युझस्कोर स्टुडिओ असं आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं.

नवख्या माणसाचा गोंधळ एका ठिकाणी हमखास होतो. लोकांनी लिहिलेली नोटेशन ठेवण्याचं, बघण्याचं संकेतस्थळ याच नावाचं आहे आणि तिथे सशुल्क सदस्यत्व असतं. ते वेगळं आणि तुमच्या कॉम्प्युटरवर बसणारं सॉफ्टवेअर वेगळं. आपलं स्वतःचं गाणं लिहायला, छापायला, साठवायला त्या सदस्यत्वाची काहीही गरज नाही. उतरवून घेताना कार्ड नंबर मागणारं पान समोर आलं तर तुम्ही चुकीच्या दारात उभे आहात एवढं लक्षात ठेवा.

स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, मला शाळेत सिस्टरांनी पियानो शिकवताना शिकवलं होतं, पण मधल्या पंचवीस वर्षांत वाचण्यापलीकडे काही केलं नव्हतं. सुरुवातीलाच एक गोष्ट फार सोयीची झाली. भाषेच्या यादीत ब्रिटिश इंग्रजी निवडलं की पडद्यावर क्रॉचेट, क्वेव्हर, मिनिम (ही स्वरांच्या लांबीची नावं), बार (तालाचा एक खंड) असे आपल्याकडे शिकवले जाणारे शब्द येतात. अमेरिकन इंग्रजी ठेवलं तर तेच क्वार्टर नोट, एट्थ नोट होतं आणि आपल्या पद्धतीने शिकलेल्या माणसाला प्रत्येक वेळी मनात भाषांतर करावं लागतं.

नवीन गाणं उघडताना तयार साचे मिळतात. क्वायरचे साचेच अर्धा डझन आहेत: चार आवाज, चार आवाज अधिक पियानो, चार आवाज अधिक ऑर्गन, आणि स्तोत्रसंग्रहात असते तशी दोनच ओळींची आटोपशीर मांडणी, वर सोप्रानो-आल्टो आणि खाली टेनर-बास. मी ही दोन ओळींची मांडणी घेतली आणि तिथे माझे आठ दिवस गेले, म्हणून सांगते. एक तर सोप्रानो आणि आल्टो एकाच ओळीवर लिहायचे तर ते व्हॉइस एक आणि व्हॉइस दोन असे वेगळे लिहावे लागतात. मी आल्टोचे स्वर सोप्रानोच्या खाली नुसते चिकटवत गेले, शिफ्ट दाबून. दिसायला ठीक दिसलं. पण दुसऱ्या ओळीत आल्टोला थांबायचं होतं आणि सोप्रानोला पुढे जायचं होतं, तिथे सगळं अडलं, कारण चिकटवलेले स्वर एकाच लयीत बांधले जातात. दुसरी अडचण त्याहून मोठी. आवाज कमीजास्त करायचं मिक्सर ओळीगणिक चालतं. एका ओळीवर दोन आवाज असतील तर फक्त आल्टो मोठा करून ऐकवता येत नाही, आणि मला तर प्रत्येकाला त्याचा आवाज वेगळा ऐकवायचा होता. शेवटी सगळं पुसून चार वेगळ्या ओळींच्या साच्यात पुन्हा लिहिलं. क्वायरसाठी लिहिणार असाल तर थेट तिथूनच सुरू करा. कागद जास्त लागतो, पण आमच्या लोकांना आपल्या ओळीखाली आपलेच शब्द आहेत हे वाचायलाही सोपं गेलं.

स्वर लिहिणं हाताला फार लवकर बसतं. एन दाबलं की लिहायला सुरुवात. आकड्यांनी स्वराची लांबी ठरते, पाच म्हणजे क्रॉचेट, चार म्हणजे क्वेव्हर, सहा म्हणजे मिनिम, शून्य म्हणजे विराम. मग ए ते जी ही अक्षरं म्हणजे स्वर. चुकलं तर वर-खालच्या बाणाने अर्धा स्वर सरकतो, कंट्रोल धरून बाण दाबला तर पूर्ण सप्तक. दोन-तीन रात्रींनंतर मी माउस सोडूनच दिला. प्रत्येक स्वर लिहिताक्षणी वाजतो. माझ्यासारखीला, जिच्या मनात चाल आहे पण खालचे आवाज चाचपत शोधायचे आहेत, तिच्यासाठी हे फार मोलाचं आहे. टेनरला एक स्वर देऊन बघायचा, ऐकायचं, बाणाने खाली आणायचा, पुन्हा ऐकायचं. बाबा हे काम पेटीवर करायचे, एका हाताने चाल धरून आणि दुसऱ्या हाताने शोधत.

यातली एक साधी सोय मला फार आवडली. सोप्रानो, आल्टो अशा प्रत्येक आवाजाचा पल्ला सॉफ्टवेअरला माहीत असतो. हौशी गाणाऱ्याच्या पल्ल्याबाहेर स्वर गेला की तो पडद्यावर शेवाळी रंगाचा होतो आणि तयारीच्या गाणाऱ्यालाही झेपणार नाही असा असेल तर लाल. छपाईत हा रंग येत नाही. माझ्या शेवटच्या ओळीत सोप्रानोचे दोन स्वर शेवाळी झाले होते. मी स्वतः घरात ते सहज गात होते, पण आमच्या सोप्रानोमध्ये दहावीतल्या तीन मुली आहेत आणि मध्यरात्रीच्या मिस्सेला थंडीत, आधीच तासभर गाऊन झाल्यावर, ते स्वर गाठायचे होते. मी सगळं गाणं सिलेक्ट करून त्याची पट्टी जी मेजरची एफ मेजर केली. चारही ओळी, वरची कॉर्डची नावं, सगळं एका झटक्यात एक पूर्ण स्वर खाली आलं. हाताने हे करायला मला एक रविवार लागला असता आणि त्यात चुका झाल्या असत्या त्या वेगळ्याच.

आता शब्दांकडे येते. मराठीत लिहिणाऱ्या माणसाला खरं हेच जाणून घ्यायचं असतं आणि याबद्दल कुठे फारसं वाचायला मिळत नाही.

गाण्याची पहिली दोन चरणं अशी:

गोठ्यात आली पहाट बाई,
चाफ्याची ओंजळ घेऊन येई.

स्वर सिलेक्ट करून कंट्रोल-एल दाबलं की त्याखाली शब्द लिहिता येतात. स्पेस दिली की पुढच्या स्वराखाली जातो, हायफन दिला की शब्द तुटून उरलेला भाग पुढच्या स्वराखाली जातो आणि मध्ये छोटी रेघ येते. एकच अक्षर तीन-चार स्वरांवर खेचायचं असेल तर शब्दाच्या शेवटी अंडरस्कोअर देत जायचं, शब्दाच्या मध्ये असेल तर हायफन देत जायचं. देवनागरी टंकलेखन त्यात थेट चालतं. कीबोर्ड मराठीवर आणायचा, शब्द लिहायचे, आणि स्वरांकडे परतताना आठवणीने इंग्रजीवर न्यायचा.

मूळ फॉन्ट रोमन लिपीसाठी आहे, त्यामुळे देवनागरी लिहिली की कॉम्प्युटर आपल्याकडचा जो सापडेल तो फॉन्ट घालतो आणि मग एखादं अक्षर जाड, एखादं बारीक असं दिसू शकतं. मी मुक्त हा फॉन्ट ठरवून टाकला, तोही फुकट आहे आणि मुंबईच्या एक टाइपने केला आहे. तो एकेका शब्दाला लावत बसू नका. स्टाइलमध्ये जाऊन गीताच्या ओळींची टेक्स्ट स्टाइल बदला, म्हणजे सगळीकडे एकदम बदलतो. मात्र तिथे विषम ओळींची स्टाइल वेगळी आहे आणि सम ओळींची वेगळी. मी पहिलीच बदलली होती, आणि माझं दुसरं कडवं भलत्याच अक्षरात छापलं गेलं. दोन कडव्यांमधलं अंतरही थोडं वाढवावं लागतं. रोमन अक्षरांना वर वेलांटी आणि खाली उकार नसतात. मूळ अंतर ठेवलं तर पहिल्या कडव्यातला उकार दुसऱ्या कडव्यातल्या वेलांटीला जाऊन टेकतो.

हे सगळं तांत्रिक झालं आणि एका संध्याकाळी उरकलं. शब्द कुठे तोडायचा हे ठरवायला मात्र महिना लागला, आणि ते सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही, ते आपल्यालाच ठरवावं लागतं.

पहाट हा शब्द घ्या. लिहायला तीन अक्षरं, प, हा, ट. बोलताना दोनच ठोके पडतात, प आणि हाट. मग त्याला स्वर दोन द्यायचे की तीन? आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका ओवीत प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणतात, त्या पहाटऽ असंच गातात, ट ला स्वतःचा स्वर देऊन. क्वायरमधली मुलं बोलतात तशी गातात आणि ट पटकन मिटतात. बाबा गात होते तेव्हा हा प्रश्नच आला नव्हता, त्यांनी जसं म्हटलं तसं सगळ्यांनी म्हटलं. कागदावर मात्र ट कुठल्यातरी एका स्वराखाली लिहावाच लागतो. मी पहिल्यांदा सोप्रानोला तीन स्वर दिले, चालीला ते गोड वाटत होतं, आणि बासला दोनच दिले, कारण त्यांचा स्वर लांब होता. तालमीला पहिल्यांदा चारही आवाज एकत्र गायले तेव्हा चार ठिकाणी चार ट ऐकू आले, टाचण्या सांडल्यासारखे. त्या रात्री मी चारही ओळी जुळवल्या. हाट एका लांब स्वरावर, आणि ट सगळ्यांनी तो स्वर सोडताना एकदम. ओंजळचंही तसंच, ओं आणि जळ. घेऊन मध्ये घे आणि ऊन. गोठ्यात मध्ये गो आणि ठ्यात. शेवटच्या येईला मात्र मी ओवीसारखं प्रत्येक अक्षराला दोन-दोन स्वर दिले आहेत, तिथे घाई नको होती.

जोडाक्षराचाही एक नियम मला हळूहळू सापडला. बोलताना आपण चाफ्‌ आणि फ्या असा जोर देतो म्हणून तिथे तोडायचा मोह होतो. तसं तोडलं की पाय मोडलेला फ कागदावर एकटा उभा राहतो, वाचणारा अडखळतो. जोडाक्षर अखंड ठेवून पुढच्या स्वराखाली न्यायचं, चा आणि फ्या. उच्चार आपोआप बरोबर होतो, कारण वाचणारा मराठीच असतो.

आमच्यातल्या सहा जणांना स्टाफ नोटेशन वाचता येत नाही, पण पेटीचं सा रे ग म येतं. त्यांच्यासाठी मी शब्दांच्या वर सरगमची एक ओळ लिहिते. सॉफ्टवेअर स्वरांच्या गोल डोक्यात डो रे मी लिहून देऊ शकतं, पण भातखंडे किंवा पलुस्कर पद्धतीची लिपी त्यात नाही. या दोन्ही पद्धती घडवणारी माणसं मराठी, एक वाळकेश्वरचे आणि एक कुरुंदवाडचे, त्यामुळे ही सोय कधीतरी आपल्यापैकीच कोणीतरी त्यात घालावी असं मनापासून वाटतं. मुक्त सॉफ्टवेअर असल्याने ते शक्य आहे. तोपर्यंत मी गीताची पहिली ओळ सरगमसाठी वापरते आणि दुसरीत शब्द लिहिते. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकाच्या स्वराला खाली नुक्ता द्यायचा, तार म्हणजे वरच्या सप्तकाच्या स्वराला वर अनुस्वार, कोमल स्वर अधोरेखित. बासचा प़ आणि ऩि त्यामुळे पेटीवाल्यांना लगेच कळतो. सा कुठला धरायचा ते पानाच्या डोक्यावर लिहिते. इथे सा म्हणजे एफ.

मींड त्यात लिहिता येते ती ढोबळ. दोन स्वरांमध्ये तिरकी रेघ ओढता येते, छोटे कणस्वर लिहिता येतात, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर किती आणि कसं सरकायचं हे कागदावर येत नाही आणि वाजवून दाखवताना तर ते अगदीच कोरडं लागतं. माझ्या गाण्यात बाईच्या ईवर एक छोटी मींड आहे. ती मी कागदावर काढली नाही, तालमीला गाऊन दाखवली. तालाचं म्हणाल तर सहा मात्रांचा दादरा ६/८ मध्ये व्यवस्थित बसतो. ढोलकीचे बोल लिहायचे तर मात्र साध्या मजकुरासारखे वर लिहावे लागतात. हे सॉफ्टवेअर पाश्चात्त्य लिपीसाठी आहे. त्यात ख्याल किंवा ठुमरी लिहायला कोणी बसू नये. अनेकांनी एकत्र गायचं, बांधीव गाणं असेल तर ते पूर्ण साथ देतं.

तालमीच्या फिती हा याचा मला झालेला सर्वांत मोठा फायदा. एफ-दहा दाबलं की मिक्सर उघडतो. बासची पट्टी वर, बाकीच्या तीन खाली, आणि मग त्याची एमपीथ्री काढायची. पुन्हा आल्टो वर, बाकी खाली, दुसरी एमपीथ्री. प्रत्येक गाण्याच्या चार फिती व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर जातात. आमचे एक बास काका सोनचाफा घेऊन पहाटेच्या गाडीने दादरच्या फुलबाजारात जातात. तालमीला ते महिन्यातून एकदाच येऊ शकतात, आणि बाबा असताना त्यांना दर वेळी पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागे. यंदा ते डिसेंबरच्या पहिल्या तालमीला आले आणि कागद हातात न घेता त्यांनी आपला आवाज अखेरपर्यंत गायला. मी विचारलं, काका, एवढं कधी पाठ केलंत? तर म्हणाले, ‘अगं बाय, नायगाव ते दादर रोज दोन वेळा ऐकतो. टोपली मांडीवर, कानात तुझी पिपाणी.’ पिपाणी म्हणाले कारण तेव्हा मी साधा अंगभूत आवाज वापरत होते आणि तो खरोखरच पिपाणीसारखा लागतो.

पुढे मी म्युझ साउंड्स घेतलं. हे आवाजांचे संच आहेत, तेही फुकट, म्युझ हब नावाच्या वेगळ्या प्रोग्रामातून उतरवावे लागतात. त्यातला क्वायरचा आवाज ऐकला तेव्हा मी काही वेळ हातच थांबवले. आवाज एकमेकांत मिसळतात, श्वास घेतल्यासारखे उठतात आणि खाली येतात. शब्द ते गात नाहीत, नुसत्या स्वरांवर आ, ऊ करतात, पण चार आवाज एकत्र कसे लागतील याची बरीच खरी कल्पना येते. फाइली आकाराने मोठ्या आहेत, चांगल्या इंटरनेटवर बसून उतरवा, आणि जुन्या लॅपटॉपवर सगळे संच घेऊ नका. माझ्याकडे फक्त क्वायर आणि तंतुवाद्यं आहेत. शिकवण्याच्या फितींना मात्र मी अजून पियानोचाच आवाज ठेवते. क्वायरच्या मऊ आवाजात स्वर नेमका कुठे सुरू झाला ते शिकणाऱ्याला नीट कळत नाही.

या चांगल्या आवाजाचा एक तोटाही आहे, आणि तो मी गाणं बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. कॉम्प्युटरचा टेनर दमत नाही, त्याला श्वास लागत नाही, तो कुठल्याही स्वरावरून कुठेही अचूक उडी मारतो. त्यामुळे वाईट लिहिलेलं गाणंही पडद्यावर छान वाजतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात टेनरला सलग अकरा बार विराम नव्हता. ऐकताना मला ते कळलंच नाही. आता मी प्रत्येक आवाज पूर्ण झाला की लॅपटॉप बंद करून तो उभं राहून स्वतः गाते, टेनर आणि बास माझ्या सप्तकात वर घेऊन, आणि जिथे श्वास घ्यावा लागला तिथे कागदावर स्वल्पविराम काढते. तशी श्वासाची खूण सॉफ्टवेअरच्या पॅलेटमध्ये, म्हणजे खुणांच्या यादीत, आहे.

छपाईचं थोडक्यात. पान ए-फोर आहे ना ते आधी पाहा. पीडीएफ काढून झेरॉक्सच्या दुकानात दिली तर ‘शंभर टक्क्यांवर छापा’ असं लिहून द्या. एकदा १९ प्रती पानात बसवण्यासाठी लहान करून छापल्या गेल्या आणि चष्मेवाल्यांना मात्रा दिसेनात, त्या सगळ्या परत कराव्या लागल्या. कागदावरची अक्षरं आणि स्वर मात्र अतिशय देखणे येतात. स्वरचिन्हांच्या मूळ फॉन्टचं नाव लेलँड आहे, संगीत-छपाईचा स्कोअर नावाचा जुना प्रोग्राम करणाऱ्या लेलँड स्मिथ यांच्या सन्मानार्थ. जाड-बारीक रेघा, स्वरांमधली अंतरं जुन्या कोरीव छपाईच्या पुस्तकांची आठवण करून देतात.

फाइल दुसऱ्याला देताना आवृत्ती बघा. आमच्या टेनरकडे जुनी तिसरी आवृत्ती होती, तिच्यात चौथीची फाइल उघडत नाही. त्याला नवी आवृत्ती उतरवायला सांगा किंवा म्युझिकएक्सएमएल काढून द्या. हा सगळ्या सॉफ्टवेअरना कळणारा सामाईक साचा आहे आणि मी माझ्या प्रत्येक गाण्याची एक प्रत त्यात ठेवतेच. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले बंद होत असल्याचं तिच्या कंपनीने जाहीर केलं, ३५ वर्षं जगभर वापरलं गेलेलं आणि पैसे देऊन घ्यावं लागणारं सॉफ्टवेअर. ज्यांची आयुष्यभराची कामं त्यात आहेत त्यांना ती दुसरीकडे हलवावी लागताहेत. सामाईक साच्यातली प्रत असेल तर ती कुठेही उघडेल. लिलीपाँड नावाचं आणखी एक फुकट आणि फार सुंदर छपाई देणारं सॉफ्टवेअर आहे, पण त्यात स्वर अक्षरांत टंकून लिहावे लागतात, ऐकत ऐकत शोधता येत नाहीत. गाणं आधीच पूर्ण बांधून झालेलं असेल आणि टंकनाची आवड असेल त्यांनी ते जरूर पाहावं. माझ्या कामाला ते नाही.

नाताळच्या मध्यरात्री आम्ही ते गाणं चार आवाजांत गायलं. पहाटचा ट एकच पडला.

जानेवारीपासून मी बाबांची वही घेतली आहे. चाल वहीतून उतरवते, आणि खालचे आवाज ज्यांना आठवतात त्यांच्याकडून गाऊन घेते, मोबाइलवर रेकॉर्ड करून रात्री स्वर लावते. काहींचा बास आठवतो पण टेनर नाही, तिथे ती ओळ रिकामी ठेवली आहे, मी माझ्या मनाने भरलेली नाही. ४१ गाणी झाली. पुढचं गाणं ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारचं आहे. त्याचा आल्टो आता एकट्या माझ्या आत्याला येतो, ती ७८ वर्षांची आहे आणि सकाळी तिचा आवाज चांगला असतो. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर लॅपटॉप घेऊन तिच्याकडे जाते आहे.